आधी काय, मग काय: मौना केआवरच्या दुर्बिणीबद्दल एका विद्यार्थिनीस

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या सेमिनारचा आराखडा वाचला. पहिल्याच स्लाइडवर ‘विज्ञान विरुद्ध श्रद्धा’ असं लिहिलंयस आणि पत्राच्या शेवटी विचारलंयस, की हवाईतल्या मौना केआ डोंगरावर व्हायच्या, आणि तो डोंगर पवित्र मानणाऱ्या मूळ हवाईयनांनी अडवलेल्या थर्टी मीटर टेलिस्कोपच्या कामावर पीएच.डी. केली तर आपण कुणाच्या बाजूचे ठरतो? दोन्ही गोंधळांचं मूळ एकच आहे. ती स्लाइड काढून टाक आणि तिथे तारखांचा तक्ता कर. रकाने तीन: काय ठरलं, कोणी ठरवलं, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार होता त्यांचं म्हणणं त्याआधी ऐकलं की नंतर. तिसरा रकाना भरल्याशिवाय मत बनवू नकोस. क्रम बघ. मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

तक्त्याची सुरुवात २०१४ च्या भूमिपूजनापासून करू नकोस. सगळे तिथूनच करतात आणि मग आंदोलन अचानक उगवल्यासारखं दिसतं. पहिली ओळ १८९३ ची. त्या जानेवारीत हवाईची राणी लिलिउओकलानी हिची सत्ता उलथवली गेली. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली, राजघराण्याच्या आणि सरकारच्या जमिनी तिच्याकडे गेल्या. १९५९ मध्ये हवाई राज्य झालं तेव्हा त्यातल्या बऱ्याच जमिनी विश्वस्त म्हणून राज्याकडे आल्या. मौना केआचा माथा त्यांतलाच. १९९३ मध्ये अमेरिकी संसदेने या सत्तापालटाबद्दल ठराव करून माफी मागितली, जमीन परत दिली नाही. आता १९६८ ची ओळ लिही: राज्याने माथ्याची अकरा हजार एकरांहून जास्त जमीन हवाई विद्यापीठाला ६५ वर्षांच्या पट्ट्याने दिली. पट्टा २०३३ मध्ये संपतो. त्या जमिनीवर दुर्बिणी उभ्या राहिल्या त्या वर्षाला एक डॉलर अशा नाममात्र भाड्याने. तिसऱ्या रकान्यात काय लिहिशील ते तूच ठरव.

पुढची ओळ १९९८ ची. राज्याच्या लेखापरीक्षकाने विद्यापीठाच्या व्यवस्थापनावर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर २००० मध्ये मास्टर प्लॅन झाला आणि सर्वंकष व्यवस्थापन आराखडा तर २००९ मध्ये. केकच्या दोन्ही दुर्बिणी, सुबारू, जेमिनी तोवर डोंगरावर केव्हाच उभ्या होत्या. वरातीमागून घोडं.

आता थर्टी मीटर टेलिस्कोपच्या बांधकामाचा परवाना. त्याचा क्रमांक एचए-३५६८. फेब्रुवारी २०११ मध्ये राज्याच्या भूमी मंडळाने तो मंजूर केला आणि हरकतदारांची सुनावणी घेतली ती मंजुरीनंतर. २ डिसेंबर २०१५ रोजी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच कारणावरून परवाना रद्द केला: निर्णय आधी, ऐकून घेणं नंतर. हा निकाल मुळातून वाच. त्यात दुर्बीण चांगली की वाईट याची चर्चा शोधू नकोस, न्यायालयाने क्रम तपासलाय. फेरसुनावणीला ४४ दिवस लागले. सप्टेंबर २०१७ मध्ये मंडळाने पाच विरुद्ध दोन मतांनी, ४३ अटी घालून पुन्हा परवाना दिला आणि ३० ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने तो चार विरुद्ध एक असा उचलून धरला.

त्या एका विरोधी मतापाशी थांब. संरक्षित क्षेत्रातल्या परवान्याचे आठ निकष आहेत. त्यांतला एक म्हणतो, की आसपासच्या नैसर्गिक संपत्तीवर मोठा प्रतिकूल परिणाम होता कामा नये. प्रकल्पाच्याच २०१० च्या पर्यावरण अहवालाने मान्य केलं होतं, की आजवरच्या बांधकामांचा एकत्रित परिणाम मोठा आणि प्रतिकूल आहे, नव्या दुर्बिणीने त्यात थोडीच भर पडेल. न्यायमूर्ती विल्सन यांची हरकत अशी, की मग जितकी जास्त नासधूस तितका पुढचा परवाना सोपा. तुझ्या सातव्या स्लाइडवरचं ‘तेरा आहेतच, एकीने काय बिघडतं’ हे वाक्य नेमका हाच युक्तिवाद आहे. आणि ज्यांना ते ऐकवायचं, त्यांना त्या तेरा दुर्बिणींच्या वेळी विचारलं होतं का? ते वाक्य ठेवू नकोस.

आठवी स्लाइडही दुरुस्त कर. हवाईचा राजा कालाकाउआ याने खगोलशास्त्राला पाठिंबा दिला होता, हे खरं. १८७४ चं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्राचं सरकणं, पाहण्यासाठी ब्रिटिश पथक होनोलुलूला आलं आणि राजाने त्यांचं स्वागत केलं. पण तो स्वतंत्र देशाचा राजा होता, होकार त्याने दिला आणि मग दुर्बिणी लागल्या. हे उदाहरण आंदोलकांच्या बाजूचं आहे.

‘हवाईचे लोक विज्ञानाच्या विरोधात’ हे तर लिहूच नकोस. तुझ्यासारख्या हुशार मुलीकडून हे वाचून राग आला. १९७६ मध्ये होकुलेआ ही होडी कोणतंही उपकरण न वापरता, ताऱ्यांवर आणि लाटांवर भिस्त ठेवून ताहितीला गेली. माथ्यावरच्या दुर्बिणीवर काम केलेली केआलोहा पिशोटा हीच पुढे विरोधकांतली एक प्रमुख आवाज झाली. दुसरीकडे प्यूएओ हा मूळ हवाईयन लोकांचा गट फेरसुनावणीत दुर्बिणीच्या बाजूने उतरला. वाइआउ तळ्यात बाळाची नाळ ठेवणारी घरं, बर्फाची देवी पोलिआहू हिला मानणारे, पोरांना खगोलशास्त्रात नोकरी मिळावी म्हणणारे, हे वेगवेगळ्या गावांतले लोक नाहीत. बाजू दोनच असतात हा तुझा समज सोड.

२०१९ च्या स्लाइडवर फक्त फोटो आहेत. तिथे हे घाल: १५ जुलैला बांधकाम सुरू व्हायचं होतं. पायथ्याशी, पुउ हुलुहुलूजवळ रस्ता अडवला गेला. १७ जुलैला तीसहून अधिक वृद्धांना अटक झाली, राज्यपाल इगे यांनी आणीबाणी जाहीर केली. माथ्यावरच्या चालू दुर्बिणींचं कामही कित्येक आठवडे बंद राहिलं. न्यायालयाचा निकाल हातात असूनही खोदकाम झालं नाही. कारण कागदावरचा क्रम २०१७ मध्ये सुधारला, १९६८ चा तसाच राहिला.

विज्ञानाचा भाग तू चांगला केलायस, तिथे फार बोलत नाही. डोंगराची उंची ४,२०५ मीटर. ढग बहुतेक वेळा व्युत्क्रमी थराखाली (वर जाताना हवा थंड होण्याऐवजी गरम होते तो थर) अडकतात, वर हवा कोरडी आणि समुद्रावरून सरळ वाहत आलेली. अक्षांश मुंबई आणि नाशिकच्या मधला, म्हणून चिलीतून न दिसणारं उत्तरेचं आकाश मिळतं. मुख्य आरशाचे ४९२ षटकोनी तुकडे, प्रत्येक १.४४ मीटर, प्रत्येकाला तीन अ‍ॅक्चुएटर (तुकडा किंचित हलवणारी यंत्रं), म्हणजे १,४७६. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिही: स्पेनच्या ला पाल्मा बेटावरची पर्यायी जागा २,२५० मीटरवर आहे, तिथे बाष्प जास्त, त्यामुळे मध्य-अवरक्त निरीक्षणांचं नुकसान होईल. पण बरंचसं विज्ञान तिथूनही होईल. ‘मौना केआ नाही तर काहीच नाही’ हे खरं नाही.

आता आपल्या घरचं. आपल्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१४ मध्ये या प्रकल्पाला मंजुरी दिली. भारताचा वाटा सुमारे दहा टक्के, त्यातला मोठा भाग आरशांचे तुकडे, सेन्सर, अ‍ॅक्चुएटर आणि सॉफ्टवेअरच्या रूपात. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यात आहे. परवान्याचा वाद त्या वेळी हवाईच्या न्यायालयात चालू होता. आपल्याकडच्या बैठकांत या सगळ्याला ‘विलंब’ म्हणतात, याची मला खंत आहे. विलंब हा वेळापत्रकाचा शब्द झाला. मी हे बोलते म्हणून मला दुर्बीणविरोधी ठरवणारे आहेत. मी दुर्बिणीच्या बाजूची आहे, म्हणूनच क्रमाबद्दल हट्ट धरते. १९६८ मध्ये, नाहीतर निदान २०११ मध्ये आधी विचारलं असतं तर कदाचित आज नकार मिळाला असता आणि आपण दहा वर्षांपूर्वीच दुसरीकडे पाया घातला असता. नाहीतर होकार मिळाला असता. दोन्ही आजच्यापेक्षा बरं.

आजची स्थिती दोन ओळींत उरक. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने अंतिम आराखड्यासाठी फक्त चिलीतल्या जायंट मॅगेलन या दुसऱ्या मोठ्या दुर्बिणीला पुढे नेण्याचा प्रस्ताव ठेवला. त्याच वर्षी जुलैमध्ये स्पेनने ला पाल्मासाठी ४० कोटी युरोची तयारी दाखवली. पण दुर्बीण तिकडे गेली तरी तक्ता संपत नाही. २०२२ च्या कायद्याने माथ्याचा कारभार एका नव्या प्राधिकरणाकडे सोपवायचं ठरलं. जुलै २०२८ पासून तो पूर्णपणे त्यांच्या हाती जाईल आणि त्यात मूळ हवाईयन प्रतिनिधींच्या जागा कायद्यानेच राखलेल्या आहेत. पुढचा कोणताही पट्टा तेच ठरवतील. या वेळी तिसरा रकाना पहिल्यांदा भरला जातोय.

पीएच.डी.चं म्हणशील तर घे. आरशांचं नियंत्रण कोणत्याही डोंगरावर लागतंच. फक्त हो म्हणण्याआधी मार्गदर्शकांना लेखी विचार, की जागा बदलली तर तुझ्या कामातलं काय बदलेल आणि जागेबद्दल उघडपणे बोलायला तुला मोकळीक आहे का. नोकरी लागल्यावर हे विचारता येत नाही.

तक्ता रविवारपर्यंत पाठव. १९६८ ते २००० चा भाग कच्चा ठेवू नकोस, तिथेच सगळे घाई करतात.