नारुतोमधलं चक्र आणि आपल्या योगातलं चक्र एकच का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा नववीत आहे, नारुतो ही जपानी कार्टून मालिका बघतो, दिवसभर हातांनी त्यातली सील, म्हणजे बोटं गुंफून करायच्या खुणा, करत असतो, इथपर्यंत काही नाही, पण परवा गच्चीवर जोरजोरात श्वास घेऊन मग कोंडून बसला आणि चक्कर येऊन पडला. आणि रागावलात तर तुम्हालाच म्हणतोय की चक्रं आपल्याच योगात आहेत ना, मग हे खोटं कसं? तर आधी एकच सांगतो, श्वास कोंडणं आजपासून बंद. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडचा रक्तपुरवठा आखडतो आणि श्वास घ्यावा ही जाणीवसुद्धा उशिरा होते, म्हणून माणूस कळायच्या आत पडतो. गच्चीवर खोक पडते, पाण्यात जीव जातो. सुट्टीत पोरं कृष्णेत पोहायला जातात, तिथं हा प्रयोग अजिबात नको, हे त्याला समोर बसवून सांगा.

आता त्याचा प्रश्न. प्रश्न चांगलाय हो, "असलं काही नसतं, अभ्यास कर" म्हणून मिटणारा नाही. मी सांगलीत वीसेक वर्षं सकाळी प्राणायामाचा वर्ग घेतो, त्यात हल्ली दर दोन-तीन महिन्यांनी एखादं पोरगं हेच विचारतं.

ती गोष्ट जपानी कॉमिकची, १९९९ ते २०१४ चालली. त्यात शरीराची ताकद आणि मनाची ताकद मिसळली की चक्र तयार होतं आणि बोटांची सील करून ते वापरायचं. सीलांची नावं बारा प्राण्यांची, उंदीर, बैल, वाघ, ती चिनी राशींवरून. पण बोटं गुंफून शक्ती जागवायची ही कल्पना लेखकाच्या मनातली नाही, जपानच्या डोंगरात तप करणारे यामाबुशी नऊ अक्षरं म्हणत नऊ मुद्रा करतात, त्याला कुजी-इन म्हणतात. ती अक्षरं मूळची चीनची, चौथ्या शतकातल्या एका ताओपंथी ग्रंथात डोंगरात शिरताना म्हणायचं रक्षणाचं वाक्य म्हणून येतात. आणि मुद्रा गेल्या आपल्याकडून, तांत्रिक बौद्ध धर्माबरोबर आधी चीनला आणि तिथून जपानला. कुकाई नावाचा भिक्षू ८०६ साली चीनहून हे सगळं शिकून परतला, त्याच्या शिंगोन पंथात आजही संस्कृत बीजाक्षरं सिद्धम लिपीत लिहितात, म्हणजे आपल्या नागरीच्या जवळच्या नात्यातली लिपी. तेव्हा तुमचा मुलगा जे टीव्हीवर बघून करतोय ते फिरून फिरून घरी आलंय असं समजा. माझे आजोबा संध्या करताना गायत्रीच्या जपाआधी चोवीस मुद्रा करायचे, मी लहानपणी समोर बसून बघायचो. त्यांच्या बोटांतून आग निघाली नाही कधी, पण तेवढा वेळ हात, ओठ आणि मन तिन्ही एकाच कामाला लागलेली असायची, दारात कोण आलं हेही त्यांना कळायचं नाही. मुद्रेचं खरं काम तेवढंच आहे आणि ते थोडंथोडकं नाही.

चक्रांबद्दल मात्र एक दुरुस्ती, कारण पोस्टरवरची इंद्रधनुष्यी रंगांची चक्रं बघून मुलांचा घोळ होतो. तो क्रम विसाव्या शतकातला. षट्चक्रनिरूपण हा १५७७ सालचा ग्रंथ, त्यात नाभीजवळचं मणिपूर चक्र पावसाळी ढगासारखं काळसर आणि हृदयाजवळचं अनाहत लालबुंद आहे, पोस्टरवर तेच पिवळं आणि हिरवं असतं. प्रत्येक चक्र कमळासारखं सांगितलंय, त्या सहा कमळांच्या पाकळ्या चार, सहा, दहा, बारा, सोळा आणि दोन, बेरीज करायला सांगा त्याला. पन्नास होते, म्हणजे संस्कृतची पन्नास अक्षरं, एकेका पाकळीवर एक. आणि गोरक्षनाथांच्या नावावरचा सिद्धसिद्धांतपद्धती हा ग्रंथ उघडला तर तिथं चक्रं नऊ आहेत. आता हृदयाच्या झडपांसारखी ती मोजता आली असती तर आकडा बदलला नसता ना. ध्यानात मन कुठं आणि कसं ठेवायचं त्याचा तो नकाशा आहे, ज्या त्या परंपरेनं आपापला काढलेला. मला तरी वीस वर्षांत हेच पटत आलंय.

गोरक्षनाथांवरून आठवलं, त्याला एकदा बत्तीस शिराळ्याला न्या. तिथल्या नागपंचमीची कथाच अशी की बाई मातीच्या नागाची पूजा करत होती आणि गोरक्षनाथांनी तो जिवंत करून दाखवला. तिकडंच वाळवा तालुक्यात मच्छिंद्रगड, वर मच्छिंद्रनाथांचं देऊळ. म्हणजे शक्तीच्या गोष्टींसाठी जपानपर्यंत जायची गरजच नाही. याच नाथपरंपरेतले ज्ञानेश्वर, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी, म्हणजे शरीरात निजलेली शक्ती, कशी सांगितली तर कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून झोपलंय अशी. एवढं सांगून पुढं चांगदेवाचं काय केलं ते सगळ्यांना माहितीच आहे, तो वाघावर बसून आला, यांनी भिंत चालवली, आणि शेवटी त्याला पासष्ट ओव्यांचं ज्ञानच पाठवलं.

आता गाभ्याचं. पतंजलींच्या योगसूत्रांचा तिसरा पाद विभूतिपाद, तो तुमच्या मुलाला वाचून दाखवला तर म्हणेल हे तर माझ्या सिरीयलचंच आहे. धारणा, ध्यान, समाधी तिन्ही एका ठिकाणी लावली की संयम. हत्तीच्या बळावर संयम केला तर हत्तीचं बळ, कंठकूपावर, म्हणजे गळ्याच्या खळगीवर, केला तर भूक-तहान थांबते, शरीराच्या रूपावर केला तर अदृश्य होता येतं. अशी यादी देता देता मध्येच ते म्हणतात की या जगाकडं तोंड केलेल्याला सिद्धी वाटतात, समाधीच्या वाटेवर मात्र हे अडथळे आहेत. गोष्टीत हिरो शक्ती मिळवतो आणि पुढचा भाग सुरू होतो, इथं शक्ती मिळाली तर तिथंच अडकशील असं आधीच बजावलंय. साम्य खूप आहे पण दिशा उलटी आहे, आणि माझं तुम्हाला सांगणं एवढंच आहे.

मी अदृश्य झालेला माणूस पाहिलेला नाही. मोजलेलं एक उदाहरण ठाऊक आहे, तुम्मो ही अंगात ऊब आणायची तिबेटी साधना करणाऱ्या तीन भिक्षूंच्या हातापायांच्या बोटांचं तापमान ८.३ अंश सेल्सियसपर्यंत वाढलेलं हर्बर्ट बेन्सन यांनी १९८२ साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं. ते वर्षानुवर्षं गुरूजवळ राहून केलेलं, व्हिडिओ बघून नाही.

त्याच सिरीयलमध्ये आठ दारं आहेत, उघडत गेलं की ताकद वाढते, शरीर फाटत जातं आणि आठव्याला मरण. हे त्याला पक्कं माहीत असणार. मग त्याला हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथातला श्लोक सांगा, सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राण, नाहीतर तो साधकालाच मारतो. मी विसाव्या वर्षी एका स्वस्तातल्या पुस्तकावरून कुंभक, म्हणजे श्वास कोंडणं, सुरू केला, पंधरा दिवसांत छातीत धडधड, रात्री झोप नाही, जेवणावरची वासना गेली. आमच्या तालमीतल्या वस्तादांनी पुस्तक काढून घेतलं आणि सहा महिने नुसता येणारा-जाणारा श्वास बघायला लावला. तेवढ्यानं मी ताळ्यावर आलो.

तुमच्या मुलाला सूर्यनमस्कार द्या. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानच्या शाळांतून ते घालायला लावले होते, सातारा जिल्ह्यातलीच गोष्ट, त्याला अभिमान वाटेल. रोज बारा, मग दहा मिनिटं डोळे मिटून श्वास मोजायचा, कोंडायचा नाही, चुकला की पुन्हा एकपासून. सील करायचीच असतील तर तेव्हा एक मुद्रा धरू दे, माझी हरकत नाही. सिरीयल बंद करू नका, त्याच्याबरोबर बसून दोन भाग बघा आणि कुठलं कुठून आलंय ते त्यालाच शोधू द्या. आणि श्वास न कोंडताही पुन्हा चक्कर आली तर मला विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.