वाचक विचारतात : हे जॅझ नशेतच कळतं का?

प्रश्न : माझा दादा सत्तरच्या दशकातल्या जॅझ-फ्यूजनचा, म्हणजे जॅझमध्ये रॉक मिसळलेल्या म्युझिकचा, जबरदस्त फॅन आहे. मला मात्र सगळे एकदमच वाजवत सुटलेत असं वाटतं. मित्र म्हणतो हे सायकेडेलिक म्युझिक आहे, नशेतच कळतं. खरं का? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर : ड्रग्ज त्या काळात होतेच, पण मित्राला सांगा की या म्युझिकमध्ये विजेचा आणि ब्लेडचा हात जास्त आहे. साठच्या दशकात अमेरिकेतली पोरं रॉककडे पळाली होती आणि जॅझचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस स्वतः रॉक गिटारवाला हेंड्रिक्स ऐकत होता. फेब्रुवारी १९६९ मध्ये त्याने 'इन अ सायलेंट वे' हा अल्बम रेकॉर्ड केला, साधा पियानो बाजूला, तीन-तीन जण इलेक्ट्रिक कीबोर्डवर. नंतर प्रोड्यूसर टिओ मसेरोने टेप ब्लेडने कापून जोडली. रेकॉर्डची दुसरी बाजू लावा, सुरुवातीला चारेक मिनिटं गिटारची एक शांत धून आहे, शेवटी तीच परत येते आणि आपल्याला वाटतं वा काय सेम वाजवलंय, तर पुन्हा वाजवलेलीच नाही, तोच टेपचा तुकडा चिकटवलाय! भोवळ येते ती अशी.

१९७० मध्ये त्याचा 'बिचेस ब्रू' हा अल्बम आला आणि माइल्स रॉकवाल्यांच्या फिलमोर हॉलमध्ये वाजवू लागला.

आता गोंगाटाचं. जुन्या जॅझमध्ये आधी धून, मग एकेकाचा सोलो, इथे तसं नाही, इथे बास एकच छोटी ओळ घोळवत बसतो आणि बाकीचे तिच्यावर येतात-जातात, म्हणजे आपल्याकडे तबला सोलोला लेहरा असतो ना तसंच काहीसं. तुम्ही बहुतेक सोलो शोधताय म्हणून हरवताय. आधी बास धरा, बाकी सगळं सोडून द्या.

'सायलेंट वे'वर गिटार वाजवणाऱ्या जॉन मॅकलॉफलिनने १९७१ मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला. महाविष्णू हे नाव त्याला गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं, म्हणजे माणूस ध्यानधारणावाला आणि म्युझिक कानठळ्या बसवणारं, त्यामुळे नशेची थिअरी तिथे जरा लंगडीच पडते. पुढे त्यानेच इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून झाकीर हुसेन, व्हायोलिनवाले एल. शंकर आणि घटमवाले विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' हा बँड काढला.

तर आधी 'सायलेंट वे', मग 'शक्ती'. महाविष्णू नंतर, आणि पहिल्यांदा आवाज कमी ठेवून. दादा चिडेल, चिडू दे.