तिसरं ॲप कुणाचं?

प्रश्न : घरात तीन ॲपचे पैसे जातात. सासूबाई झी मराठीच्या मालिका बघतात, मुलगा क्रिकेट. तिसरं कुणी उघडतच नाही, तरी पैसे कटतात. काय करू?
– एक गृहिणी, चोपडा

उत्तर : ताई, तिसरं आजच बंद करा. पण नुसतं ॲप फोनमधून काढू नका! मी तेच केलं न् चार महिने भुर्दंड भरला. यूपीआयमध्ये 'ऑटोपे' उघडून परवानगी रद्द करा. सासूबाईंचं झी५ राहू द्या, घरात शांतता हवी ना? क्रिकेटसाठी जिओहॉटस्टार (२०२५मध्ये जिओसिनेमा न् हॉटस्टार एक झाले). मुलाच्या रिचार्जमध्येच ते मिळतंय का, बघा. आमच्या मळ्यात डीडी फ्री डिशची छत्री आहे, महिन्याचं भाडं शून्य. भरीत पार्टीला आलेले सगळे सह्याद्रीच बघत बसतात.