उमेदवार न्यूट्रॅलिनो

वडोदऱ्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मराठी मंडळात 'डार्क मॅटर'वर बोलायचं आहे. न्यूट्रॅलिनो हा कण कृष्णपदार्थाचा 'उमेदवार' आहे, असं मी लिहिलं. बाबा म्हणाले, उमेदवार निवडणुकीत असतात, कणाला 'दावेदार' म्हण. कोणता शब्द बरोबर? आणि 'फ्रीझ-आउट'ला गोठणं चालेल का?"

'उमेदवार'च ठेवा, अगदी निर्धास्तपणे. उमेद हा फारसी शब्द. ज्याला आशा आहे तो उमेदवार. हिंदीत त्याचा उम्मीदवार होतो, आपलं आणि गुजरातीचं मात्र एकाच 'म'वर भागतं. पण मराठीत त्याला आणखी एक जुना अर्थ आहे, आणि तोच इथे फार चपखल बसतो: कचेरीत बिनपगारी काम शिकत, जागा रिकामी व्हायची वाट पाहणारा तो उमेदवार. रावपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरी पणजोबांचा एक मोडी अर्ज आहे. कागद घडीवर फाटलाय, शाई तांबूस झालीय, पण 'उमेदवार' हा शब्द अजून स्वच्छ वाचता येतो. कारकुनाशेजारी बसून सहा वर्षं नकला उतरवल्यावर त्यांनी तो लिहिला होता.

न्यूट्रॅलिनोचंही असंच आहे. कृष्णपदार्थ म्हणजे न दिसणारा, फक्त गुरुत्वाकर्षणावरून कळणारा पदार्थ; तो कोणत्या कणांचा बनलाय हे ठाऊक नाही, हीच ती रिकामी जागा. सुपरसिमेट्रीच्या सिद्धांतानुसार प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असतो. फोटॉन (प्रकाशाचा कण), झेड आणि हिग्ज या कणांच्या जोडीदारांच्या मिश्रणातून न्यूट्रॅलिनो बनतो. त्याला विद्युतभार नाही, प्रकाशाशी देणंघेणं नाही, आणि जोडीदारांमध्ये तोच सर्वांत हलका असेल तर बहुतेक मांडण्यांत त्याचा क्षयही होत नाही. म्हणजे जागेला लागणारे सगळे गुण अंगी आहेत. १९८३-८४ पासून त्याचं नाव पुढे केलं जातंय. पण कणांच्या टकरी घडवणाऱ्या ज्या यंत्रात २०१२ साली हिग्ज सापडला, त्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्येही सुपरसिमेट्रीचा एकही कण अजून हाती लागलेला नाही. चाळीस वर्षं झाली, उमेदवारी चालूच आहे. 'दावेदार' म्हटलं की हक्क सांगणं आलं, आणि इथे हक्काचा पुरावाच तर शोधायचाय.

(जाता जाता: रोममध्ये पदासाठी उभा राहणारा पांढराशुभ्र टोगा घालून हिंडायचा, त्यावरून 'कँडिडेट' आला. कृष्णपदार्थाच्या शोधात हा शब्द भेटावा याची मला फार गंमत वाटते.)

'कृष्णपदार्थ' रूढ आहे, तोच वापरा. फक्त हा पदार्थ काळा नसतो, तो प्रकाश देतही नाही आणि अडवतही नाही, हे एकदा सांगा.

आता 'फ्रीझ-आउट'साठी गोठणं. नुसतं 'न्यूट्रॅलिनो गोठले' म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे थंडीतलं तूप येईल. गोठते ती त्यांची संख्या. बाल्यावस्थेतल्या तापलेल्या विश्वात हे कण जोडीने जन्मत आणि जोडीने नष्ट होत. विश्व निवत गेलं तसं नवे कण जन्मणं थांबलं, आणि ते इतकं पसरलं की उरलेल्यांची गाठ पडेना. मग नष्ट होणंही जवळजवळ थांबलं, आणि जेवढे उरले तेवढे उरले. बँकेतलं खातं पूर्ण गोठवतात, तेव्हा भरणाही बंद आणि उचलही बंद, शिल्लक तेवढीच राहते. मराठीत 'गोठणं' या अर्थाने आधीच रुळलं आहे, म्हणून 'संख्या गोठणं' म्हणा.

तुमचं वाक्य मी असं लिहिलं असतं: "विश्व निवताना ज्यांची संख्या गोठली आणि जे आजवर शिल्लक राहिले असावेत, अशा कणांमध्ये न्यूट्रॅलिनो हा कृष्णपदार्थाचा जुना उमेदवार आहे."