ऑल्डबरा एवढंसं गाव, मग तिथे महापौर कसा? तिथे महानगरपालिका आहे का?

नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोकमध्ये, दोन-अडीच हजार वस्तीचं हे गाव. 'मेयर' म्हटलं की आपल्याला मुंबई-पुण्याचे महापौर आठवतात, पण इथला मेयर म्हणजे नगर परिषदेचा अध्यक्ष. सदस्य आपल्यातूनच त्याला दरवर्षी निवडतात.

अधिकार म्हणाल तर आपल्या ग्रामपंचायतीपेक्षाही कमी. कचरा उचलणं आणि बांधकाम परवाने ईस्ट सफोक जिल्हा परिषदेकडे (2019 पासून), रस्ते आणि शाळा सफोक काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या वरच्या स्तराकडे. परवान्यांवर गाव फक्त आपलं म्हणणं कळवतं.

पूर्वी मात्र थाट होता. समुद्रातला व्यापार, जहाजबांधणी, मासेमारी यांवर 16व्या शतकात गाव श्रीमंत झालं आणि 1571 पासून संसदेत चक्क दोन खासदार पाठवू लागलं. पुढे धंदा बसला, बंदर गाळाने भरलं, शेजारची स्लॉडन वस्ती लाटांनी गिळली, पण खासदार दोनच राहिले! ही चैन 1832 च्या निवडणूक सुधारणा कायद्याने संपवली. 16व्या शतकातली मूट हॉल ही सभेची इमारत एकेकाळी गावाच्या मध्यावर होती. आता ती किनाऱ्यालगत आहे, कारण मधलं गाव समुद्राने खाल्लं.

1908 मध्ये डॉ. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन इथे मेयर झाल्या, इंग्लंडमधल्या पहिल्या महिला मेयर. तेव्हा स्त्रियांना संसदेसाठी मतदानाचाही हक्क नव्हता.

बरोचा, म्हणजे स्वतःचा कारभार पाहणाऱ्या गावाचा, दर्जा 1974 च्या स्थानिक कारभाराच्या फेररचनेत गेला, मेयरपद तेवढं उरलं.