आयडलिंगला बंद पडणारी जुनी ओम्नी

कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) ओम्नी आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, बंद पडत असेल तर आधी मिक्श्चर स्क्रू फिरवत बसू नका. गाडी पूर्ण गरम करा आणि चोक थोडा ओढून बघा. आयडलिंग सुधारलं, तर मिक्श्चर पातळ आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. म्हणजे कुठून तरी जादा हवा शिरतेय नाहीतर पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) चोंदलंय.

हवेची गळती शोधायला सीटखालचं इंजिनाचं झाकण उघडा. इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरच्या बुडाशी आणि व्हॅक्यूम पाइपांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) आणि वायरिंगवर मात्र पाणी नको. आवाज बदलला की गळती तिथेच. जुने पाइप टोकाशी चिरतात, वरून धड दिसतात.

गळती नसेल तर सोलेनॉइड तपासा, म्हणजे कार्ब्युरेटरवरची आयडलिंगचं पेट्रोल चालू-बंद करणारी विजेवरची झडप. चावी ऑन करून त्याची वायर काढा-लावा, ‘टक्’ ऐकू यायला हवं. तेही ठीक असेल तर जेट काढून हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग जेटच बदलावं लागतं.

चढावर दम तोडत असेल तर पेट्रोल फिल्टर बदला, स्वस्तच असतो. तरी फरक नाही? डिपस्टिक हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी वाढलेली, म्हणजे पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटलाय. पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय गाडी चालवू नका, बेअरिंग जातील.

मिक्श्चर स्क्रू सर्वात शेवटी. काढण्याआधी तो हलकेच बंद करून फेरे मोजून लिहून ठेवा. जोरात आवळलात तर स्क्रूचं सुईसारखं टोक गेलंच. आयडल 900 आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास ठेवा.