राणीछाप रुपया विकण्यापूर्वी
तुमच्याकडील १८६२ सालचा राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेला) रुपया विकण्याची घाई कृपया करू नका. त्याचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम असून त्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या चांदीचा आजचा भाव ही केवळ किमान किंमत समजावी. १८६२ हेच साल १८७४ पर्यंतच्या नाण्यांवर कायम राहिले, आणि नाणे नेमके कधीचे याचा अंदाज सालाच्या वर-खाली असलेल्या बारीक ठिपक्यांवरून येतो; त्यामुळे ते ठिपके भिंगातून मोजल्याशिवाय नाणे सर्वसाधारण आहे की दुर्मीळ, हे ठरतच नाही. चिंच किंवा रांगोळीने ते उजळवू मात्र नका, कारण घासलेल्या नाण्याची किंमत हमखास घटते, आणि हे नुकसान भरून निघत नाही. मग तेवढ्याच ठिपक्यांचे, तितकेच झिजलेले नाणे लिलावात प्रत्यक्ष कितीला गेले, ते पाहावे.